खालच्या काकूंचं छत: एका जुन्या फ्लॅटच्या दुरुस्तीचा पूर्ण हिशेब

पुण्यात सहकारनगरला आईचा फ्लॅट आहे. इमारत १९८८ची, लिफ्ट नाही, आमचा दुसरा मजला, कार्पेट ५८५ चौरस फूट. संडास आणि न्हाणीघर वेगवेगळं, ओटा कडप्प्याचा, खाली मोझॅकच्या फरश्या. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. देशी संडासात बसणं-उठणं तिला जमेनासं झालं होतं, आणि दोन वर्षं आम्ही "करू, करू" म्हणत होतो.

काम निघालं ते मात्र खालच्या काकूंमुळे. त्यांच्या न्हाणीघराच्या छतावर ओलीचा डाग होता. तो वाढत गेला, पोपडे पडायला लागले, आणि एक दिवस संडासाच्या छताचा हातभर तुकडा खाली आला. नशिबाने तेव्हा आत कोणी नव्हतं. काकूंनी भांडण केलं नाही. आईला वर येऊन म्हणाल्या, "वहिनी, आता मला तिथे जायची भीती वाटते." आईने त्याच रात्री मला फोन केला.

हे २०२३च्या नोव्हेंबरमधलं. काम सुरू झालं २०२४च्या जानेवारीत आणि शेवटचा हप्ता दिला ऑगस्टमध्ये. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे प्रत्येक पावती जपून ठेवायची सवय आहे. त्या फाइलवरूनच हे लिहिते आहे. आमचं काय बरोबर आलं आणि काय चुकलं, दोन्ही आकड्यांसकट सांगते, कारण घराच्या कामाबद्दल लोक टाइल्सचे रंग भरभरून सांगतात, पण पैसे कुठे गेले हे फारसं कोणी सांगत नाही.

आधी पैशाची बाजू. दादा नाशिकला असतो. त्याचे साडेतीन लाख, माझे साडेचार, एकूण ८ लाख. याच्या पुढे जायचं नाही आणि कर्ज काढायचं नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. मग आईला विचारलं, तुला काय हवं? तिने तीनच गोष्टी सांगितल्या: कमोड, घसरणार नाही अशी फरशी आणि काकूंचं छत. दादाला फॉल्स सीलिंग हवं होतं, मला हॉलमध्ये नव्या टाइल्स. आईची यादी वर ठेवली आणि बाकीचं खाली. जुन्या मोझॅकला मशीनने पॉलिश करून घेतलं तर ती पुन्हा छान दिसते, हे कळल्यावर माझ्या टाइल्स मी स्वतःच खोडल्या. त्या एका निर्णयाने तोडफोड, राडारोडा, गवंड्याचे दिवस, सगळंच निम्म्यावर आलं. पस्तीस वर्षांची मोझॅक आजही सपाट आणि घट्ट आहे. ती उखडून तिथे ग्लॉसी टाइल घालायची, तर सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या घरात तो खर्च करून विकत घेतलेला धोकाच ठरला असता.

तीन कोटेशनं

तीन जणांना घर दाखवलं. पहिला सोसायटीतल्याच एकांच्या ओळखीचा. त्याने फ्लॅटमधून एक चक्कर मारली आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअपवर सात ओळी पाठवल्या, "सगळं मिळून ५,१०,०००". दुसरा टेप घेऊन आला, दीड तास मोजत बसला आणि आठवड्याने तीन पानं दिली: ६,८५,०००. तिसरी इंटिरियरची कंपनी. त्यांनी कॉम्प्युटरवर घराची सुंदर चित्रं करून आणली, आकडा ९,४०,०००. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की जीएसटी वेगळा. १८ टक्क्यांनी तो १,६९,२०० होतो, म्हणजे एकूण ११,०९,२००. ते तिथेच संपलं. उरलेले दोघे छोटे कॉन्ट्रॅक्टर, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आतली, त्यामुळे त्यांची जीएसटी नोंदणी नव्हती आणि त्यांना तो लावताही येत नव्हता.

दादा म्हणाला, पहिल्याला देऊन टाक, पावणेदोन लाख वाचतात. मलाही तेच वाटत होतं. पण सात ओळी आणि तीन पानं यांची तुलना करायची कशी, हेच मला कळेना. म्हणून एका रविवारी मी वही घेऊन आईच्या घरी बसले आणि माझी स्वतःची यादी केली. प्रत्येक कामापुढे चार रकाने: काम काय, किती, माल कोणाचा, दर काय. "बाथरूम वॉटरप्रूफिंगसह" एवढं लिहून भागत नाही. जुनं तोडणं, राडारोडा खाली नेणं, तो उचलून नेणं, नवी पाइपलाइन, वॉटरप्रूफिंगचे थर, कोबा, फरशी, भिंतीच्या टाइल्स किती उंचीपर्यंत, नळ कोण आणणार, ते बसवायची मजुरी धरली आहे का, असं सगळं सुटं करावं लागतं. टाइल्सचं क्षेत्रफळही मीच मोजलं. न्हाणीघर, संडास, ओट्यामागची भिंत आणि बाल्कनी मिळून सुमारे ३५५ चौरस फूट भरलं, तुटफुटीचे दहा टक्के धरून ४००च्या आत.

ती यादी दोघांना पाठवली आणि एवढंच विचारलं: यातलं तुमच्या रकमेत काय आहे आणि काय नाही?

पहिल्याच्या रकमेत राडारोडा उचलणं आणि माल दुसऱ्या मजल्यावर चढवणं नव्हतं, त्याचे २८,०००. वॉटरप्रूफिंग नव्हतं, ३६,०००. कमोड, बेसिन, नळ नव्हते, ते माझ्या पसंतीने ६२,०००. वायरिंगमध्ये वायर आणि मजुरी होती, पण स्विच, बोर्ड, एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारे स्विच) नव्हते, ३४,०००. टाइल्सचा दर त्याने चौरस फुटाला ४० धरला होता. खरखरीत पृष्ठभागाची, न घसरणारी टाइल आम्ही पाहिली होती ती ६२ची, म्हणजे आणखी ८,८००. बेरीज झाली ६,७८,८००.

दुसऱ्याच्या रकमेत यातलं सगळं होतं, फक्त सॅनिटरी सामानाला त्याने ४५,००० धरले होते. वरचे १७,००० मिळवून ७,०२,०००.

पावणेदोन लाखांचा फरक २३,२०० वर आला होता. पहिला माणूस खोटारडा होता असं मी म्हणणार नाही. तो ज्या पद्धतीने काम करतो तीच त्याने सांगितली: आधी काम धरायचं, मग एकेक गोष्ट निघेल तशी "हे एक्स्ट्रा आहे ताई" म्हणायचं. त्या वेळी घर तोडलेलं असतं, आई दुसरीकडे राहत असते आणि आपल्याला नाही म्हणायची सोय उरलेली नसते.

मी दुसऱ्याला निवडलं, पण २३,००० ही रक्कम छोटी वाटली म्हणून नाही. त्याच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती: "भिंतीतल्या जुन्या जीआय पाइपची स्थिती तोडल्यावर कळेल. पूर्ण लाइन बदलावी लागल्यास सीपीव्हीसीमध्ये, स्वयंपाकघरासह, २३,०००." (जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, सीपीव्हीसी म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा.) जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणून सांगणारा आणि त्याचाही दर आधीच लिहून देणारा हा एकटाच होता. तरीही त्याची आधीची दोन कामं जाऊन पाहिली. त्यातलं एक मुद्दाम असं निवडलं की ज्यावरून एक पावसाळा गेला होता. त्या घरच्या बाईंना विनंती करून खालच्या फ्लॅटमध्येही गेले आणि छत बघितलं. नवं बाथरूम तर कुणाचंही चकचकीत दिसतं, म्हणून मला खालचं छत बघायचं होतं.

करार आणि हप्ते

इथे मी एक बदल केला आणि तोच पुढे अंगाशी आला. त्याच्या ६,८५,००० मधून सॅनिटरी सामानाचे ४५,००० काढले. ते मी स्वतः विकत घेणार होते, म्हणजे बिल आणि वॉरंटी आमच्या नावावर राहते. हे बरोबरच होतं. पण सुतारकामाचे १,६०,००० सुद्धा काढले, कारण ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या सुताराने तेच काम १,४५,००० मध्ये करतो म्हणून सांगितलं. पंधरा हजार वाचले असं वाटलं. कॉन्ट्रॅक्टरचा करार राहिला ४,८०,००० चा.

त्याने निम्मे पैसे आगाऊ मागितले. मी घासाघीस केली नाही, फक्त विचारलं, पहिल्या आठवड्यात तुमचा खर्च काय? बिगारी, टेम्पो, पाइप मिळून चाळीस-पंचेचाळीस हजार, असं तो म्हणाला. मग हप्ते असे ठरले. सुरुवातीला ४८,०००. तोडफोड, राडारोडा आणि नव्या पाइपची प्रेशर टेस्ट झाल्यावर १,२०,०००. वॉटरप्रूफिंग करून ४८ तास पाणी भरून ठेवल्यावर, आणि काकूंचं छत कोरडं असल्याचं आम्ही दोघांनी पाहिल्यावर ९६,०००. टाइल्स आणि ग्रॅनाइटचा ओटा झाल्यावर ९६,०००. वायरिंग, पॉलिश, रंग झाल्यावर ९६,०००. आणि शेवटचे २४,००० जुलैअखेर, पाऊस बघून. यातल्या शेवटच्या अटीवर तो अडला. "ताई, एवढे महिने पैसे कोण ठेवतं?" मी सांगितलं, काम गळलं नाही तर हे तुमचेच आहेत, आणि त्या तारखेला मी फोन करेन, तुम्हाला करावा लागणार नाही. तो तयार झाला. दोन प्रतींवर, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या.

आणखी एक अट घातली: कुठलंही जादा काम व्हॉट्सअपवर रकमेसह लिहून पाठवायचं आणि माझं "हो" आल्यावरच हात लावायचा. तोंडी काही नाही. ही अट मला जितकी उपयोगी पडली तितकीच त्यालाही, कारण मध्येच दादा फोन करून मिस्त्रीला भलतंच काही सांगायचा.

सोसायटीला अर्ज दिला, कोणतीही तुळई किंवा कॉलम तोडणार नाही असं लिहून दिलं, १५,००० अनामत भरली. कामाची वेळ सकाळी १० ते ६, दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद. वरच्या मजल्यावरची मुलगी दहावीला होती, म्हणून ड्रिल आणि कटरचं सगळं काम फेब्रुवारीअखेर संपवायचं ठरलं. राडारोडा गोण्यांत भरून ठेवायचा आणि महापालिकेच्या ठरलेल्या जागीच जाणार. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याचे तेव्हा लागू असलेले २०१६चे नियम हेच सांगत होते, पण टेम्पोवाल्याला ते लिहून दिलं नाही तर तो जवळचा ओढा गाठतो.

तोडल्यावर

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात न्हाणीघर तोडलं. जीआय पाइप आतून गंजून इतका भरला होता की त्यातून पेन्सिल जाईना. वीस मिनिटांत मेसेज आला, २३,०००, करारातला दर. मी हो म्हटलं.

संडासाचं दुखणं मोठं होतं. जुन्या इमारतींत संडासाचा स्लॅब खोलगट ठेवून वर विटांचे तुकडे आणि भराव घालत. ट्रॅपच्या (पाणी अडवून वास रोखणाऱ्या वाकड्या पाइपच्या) सांध्यातून वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी त्या भरावात साठून राहिलं होतं. भराव काढल्यावर स्लॅबच्या सळया दिसल्या, गंजून फुगलेल्या. गंजलेली सळई जागा जास्त खाते आणि आपल्या अंगावरचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलते. काकूंच्या छताचा तुकडा पडला होता तो असा.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, मी केमिकल मारून देतो. त्या क्षणी मी काम थांबवलं. टाइल वाकडी बसली तर परत बसवता येते, पण स्लॅबचा निर्णय मिस्त्रीने घ्यायचा नसतो. सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट २०२२मध्ये झालं होतं (सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार ३० वर्षांपुढच्या इमारतींना ते दर तीन वर्षांनी करायचं असतं). त्या अहवालात आमच्या संडासाखालच्या ओलीचा उल्लेख होता, आणि आम्ही तो कधी वाचलाच नव्हता. याची मला आजही खंत आहे. इंजिनिअर आले, ५,००० फी. त्यांनी सुटं काँक्रीट पूर्ण काढायला लावलं, सळया घासून गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टर सांगितलं, एका ठिकाणी जोडसळई. खर्च ३१,०००. काकूंच्या छताचं प्लास्टर आणि रंग १४,०००. हा खर्च सोसायटीचा की आमचा, यावर सेक्रेटरींशी बोलणं झालं. गळती आमच्या संडासातली, म्हणून खर्च आमचा. ते योग्यच होतं.

म्हणजे पंधरवड्यात ७३,००० गेले. पण ते कुठून द्यायचे हा प्रश्न पडला नाही, कारण ८ लाखांतले ६,८७,००० ठरलेल्या कामांचे (करार, सुतार, सॅनिटरी) आणि १,१३,००० राखीव, अशी वाटणी आधीच केली होती. राखीव पैशांकडे मी "उरलेले" म्हणून बघितलंच नाही. दादाने मध्येच फॉल्स सीलिंगचा विषय पुन्हा काढला तेव्हा त्याला संडासाच्या सळयांचा फोटो पाठवला. त्याने पुन्हा विचारलं नाही.

वॉटरप्रूफिंगनंतर ट्रॅप बंद करून चार इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काकूंकडे टॉर्च घेऊन जात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पोहे खायला थांबवलं. छत कोरडं होतं.

वायरिंगमध्ये "पॉइंट" या शब्दाने गडबड होऊ शकली असती. एका बोर्डवर दोन सॉकेट असतील तर तो एक पॉइंट की दोन? आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं. तरी आईच्या पलंगाजवळ, देवघरात, मिक्सरला असे सात पॉइंट माझ्याच विसरण्यामुळे वाढले, ८५० प्रमाणे ५,९५०. रंगाच्या बिलात त्याच्या माणसाने २,२६० चौरस फूट लावले होते. मी टेप घेऊन मोजले तर दारं-खिडक्या वजा करून १,९४० भरले, आणि करारात वजावट लिहिलेली होती. दर २४. त्याने लगेच ७,६८० कमी केले, वादही घातला नाही.

सुतार

आता माझी चूक. कॉन्ट्रॅक्टरशी इतकं लिहून-मोजून वागलेली मी, सुताराच्या बाबतीत मैत्रिणीच्या शब्दावर गेले. करार नाही, हप्ते नाहीत. "प्लाय एकदम आणायचा आहे" म्हणाला, मी १,४५,००० पैकी ९०,००० एका दिवसात दिले. प्लायच्या कापलेल्या तुकड्यांवरचा शिक्का पाहिला नाही. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० या भारतीय मानकाचा, पाण्यात टिकणारा प्लाय लागतो. त्याने साधा आयएस ३०३ वापरला होता. कॉन्ट्रॅक्टरच्या प्लंबरने ते मला दाखवलं. मी सुताराला विचारलं तर म्हणाला, तुम्ही कुठे सांगितलं होतं? आणि खरंच, मी कुठेही लिहिलं नव्हतं.

होळी त्या वर्षी २४ मार्चला होती. त्याचे कारागीर राजस्थानचे, ते होळीला गावी जातात हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. तरी तारीख धरून मागे मोजलं नाही. १८ मार्चला ते गेले, ट्रॉल्यांचे सांगाडे उभे, दारं नाहीत. ९ एप्रिलला पाडवा होता आणि माझ्याकडे राहत असलेल्या आईला पाडव्याला घरी न्यायचं कबूल केलं होतं. गुढी माझ्याच घरी उभारली. आई काही बोलली नाही, पण दर दोन दिवसांनी विचारायची, "आले का गं सुतार?"

ते एप्रिलच्या २२ला आले. सिंकखालचं कपाट नव्याने करून घ्यायचे ११,५०० मी दिले. वाचवलेल्या पंधरा हजारांतले साडेतीन हजार उरले, आणि त्यापायी आई महिनाभर जास्त माझ्या हॉलमधल्या दिवाणावर झोपली. कॉन्ट्रॅक्टरच्या १,६०,००० मध्ये सुतारांच्या तारखांची जबाबदारीही होती. मी फक्त लाकूड आणि मजुरी मोजली होती.

एकूण खर्च ७,७७,४५०. राखीवातले २२,५५० शिल्लक. १० मे, अक्षय्य तृतीयेला आई घरी गेली. काकूंना पहिलं हळदीकुंकू तिने नव्या स्वयंपाकघरात दिलं.

पाऊस सुरू झाल्यावर जुलैच्या मध्यात एक गोष्ट निघाली. न्हाणीघराच्या एका कोपऱ्यात ओंजळभर पाणी साचत होतं, उतार थोडा उलटा पडला होता. गळती नव्हती, पण आईच्या पायाखाली ओल नको होती. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. चौथ्या दिवशी तो स्वतः गवंड्याला घेऊन आला, दोन टाइल्स काढल्या, वॉटरप्रूफिंगला धक्का न लावता उतार नीट केला आणि आम्ही पलंगाखाली ठेवलेल्या त्याच लॉटच्या जादा बॉक्समधल्या टाइल्स बसवल्या. जाताना काकूंकडे जाऊन आम्ही दोघांनी पुन्हा टॉर्च मारून छत पाहिलं. १ ऑगस्टला मी त्याला २४,००० पाठवले आणि ठरल्याप्रमाणे फोनही केला.